व्हायवाचं जेवण

"डबे बाहेर ठेव."

माझे मार्गदर्शक सर एवढंच म्हणाले. हळू आवाजात, हसत. हात माझ्या खांद्यापर्यंत आणला आणि खांद्याला न लावता हवेतच ठेवला. मी नुकतेच स्टाफरूमच्या टेबलावर तीन मोठे स्टीलचे डबे ठेवले होते. शेजारी आईच्या जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. गाठसुद्धा अजून सोडली नव्हती.

"बाहेर म्हणजे कुठं, सर?"

"तिकडं, झेरॉक्स मशीनपाशी. नाहीतर शिपायांना देऊन टाक. ती लोकं खातील."

सरांनी आवाज आणखी खाली आणला. "मला काही नाही गं. तुला माहितीये, मी असलं मानत नाही. पण बाहेरचे सर जरा जुन्या वळणाचे आहेत. घरचं नको. हॉटेलातनं मागव. कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं मिळतं की तिथं."

झेरॉक्स मशीनच्या पलीकडं मुतारी होती. तिचं दार नीट लागत नव्हतं. मी "बरं सर" म्हणाले, डबे आणि भाकऱ्या उचलल्या आणि तिथं नेऊन ठेवल्या. मीच. माझ्या हातानं.

किळस हा शब्द मी पुस्तकांत पुष्कळदा वाचला होता. ती पोटात कुठून सुरू होते ते मला त्या दिवशी कळलं.

तो माझ्या पीएच.डी.च्या व्हायवाचा दिवस होता. व्हायवा म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. वर्षानुवर्षं लिहिलेला प्रबंध लोकांसमोर मांडायचा, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकानं प्रश्न विचारायचे, आणि त्याला पटलं तर त्यानं अहवालावर सही करायची. ती सही झाली की तुम्ही डॉक्टर. माझ्यासाठी ती नुसती सही नव्हती. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात तासावर शिकवते. तास घेतला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की उपास. समाजशास्त्राची कायमची एक जागा निघाली होती आणि तिला पीएच.डी. पाहिजे होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्यातली कितीतरी माणसं तासावरच म्हातारी झाली.

आता रीत सांगते. ही रीत कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. बाहेरचा परीक्षक आला की त्याची उठबस उमेदवारानं करायची. गाडी उमेदवाराची, लॉज उमेदवाराचा, देवदर्शनही उमेदवाराच्या खर्चानं. सोलापूरला येणाऱ्या परीक्षकाला अक्कलकोट पाहिजे असतं, तुळजापूर पाहिजे असतं, आणि परत जाताना काखेत चादर पाहिजे असते. वर सगळ्या विभागाला जेवण. तेही उमेदवारानं उभं राहून वाढायचं, लग्नात मुलीचा बाप वाढतो तसं. विद्यापीठ त्या परीक्षकाला प्रवासाचा भत्ता देतं, मानधन देतं. तरीसुद्धा. कुणाला विचारलं की एकच उत्तर, "पद्धत आहे." थू असल्या पद्धतीवर. पण तेव्हा मी थुंकले नव्हते.

आईला ही रीत सांगितली तर ती खूश झाली. तिथंच तिचं चुकलं. तिला वाटलं, जेवण म्हणजे मान. आमच्या वस्तीत पोराबाळांचं काही चांगलं झालं की घरी रांधायचं आणि लोकांना बोलावून पोटभर घालायचं. तिला दुसरं काही ठाऊकच नाही.

"हाटेलचं कशाला?" ती म्हणाली. "माझ्या लेकीची डाक्टरी हाय. माझ्या हातचं खाऊ दे की लोकं. शेंगापोळ्या करते, वांग्याचं कालवण करते. बोटं चाटतील तुजं सर."

आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. दिवसभर टॉवेलच्या कडा मारायच्या. त्या दिवशी तिनं खाडा केला. मुकादम बोलला तर बोलू दे म्हणाली. शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ किसला, पोळ्या लाटल्या, आणि लाटता लाटता गाणं म्हणत होती. आईला गाताना मी फार वेळा ऐकलेलं नाही.

आणि गंमत बघा. ते बाहेरचे सर फोनवर मला स्वतः म्हणाले होते, "बेटा, हॉटेलचं अजिबात नको हं. मला अस्सल सोलापुरी, घरगुती खायचंय." हेच शब्द. माझ्या आडनावावरून पटकन काही कळत नाही, पण प्रबंधात मी कुठल्या वस्तीतून आले ते प्रस्तावनेत लिहिलेलं आहे. म्हणजे त्यांनी प्रस्तावनासुद्धा वाचली नव्हती. गाडीत सरांनी कानात घातलं असणार. असली माहिती आमच्याकडं फार लवकर पोचते. स्कॉलरशिप पोचत नाही.

सरांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, असला माणूस मार्गदर्शक म्हणून घेतलाच कशाला. सर आमच्या वस्तीत दर एप्रिलला येतात. निळा फेटा बांधून घेतात. माइक हातात आला की समतेवर बोलतात, असं बोलतात की म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. माझ्या आईनं पुसले होते. मी त्यांच्याकडं गेले ते त्या भाषणांमुळं. वरून कीर्तन आतून तमाशा, हे कळायला मला काही वर्षं लागली. त्या वर्षांत मी त्यांचे पेपर तपासायचे गठ्ठे घरी पोचवले. त्यांच्या मुलाला इंग्रजी शिकवलं. त्यांच्या नावावर लेख लिहून दिले, त्यात माझं नाव दुसरं, कधी तेही नाही. त्यांच्या घरी मी बैठकीच्या खोलीपलीकडं कधी गेले नाही. पाणी प्यायला मिळायचं ते कागदी पेल्यात. "हायजिनचं बरं असतं," मॅडम म्हणायच्या. घरातली माणसं काचेच्या पेल्यात प्यायची. त्यांना हायजिन लागत नसावं.

विषयसुद्धा सरांनीच दिला. मला आमच्या वस्तीतल्या मुली कॉलेज का सोडतात त्यावर काम करायचं होतं. सर म्हणाले, "फार टोकाचं होईल. त्यापेक्षा सार्वजनिक विद्यापीठ व्यवस्था, एक आढावा, असं घे. आढाव्यात कसं असतं, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही."

घेतला आढावा. फिरले. एसटीनं फिरले, रेल्वेनं फिरले. केमच्या स्टेशनवर पहाटेच्या गाडीला थांबलेल्या पोरींशी बोलले, मंगळवेढ्याच्या स्टँडवर बसलेल्या पोरांशी बोलले. विद्यापीठ म्हणजे लोकांना काय वाटतं? मोठी कमान, बाग, दीक्षान्त समारंभाचे झगे. ते विद्यापीठाचं तोंड झालं. धड तालुक्यातालुक्यांत पसरलेलं असतं. पत्र्याच्या वर्गात चालणारी कॉलेजं, जिथं चार विषय एकच माणूस शिकवतो, आणि तो माणूस तासावरचा. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या खिशात. तपासणीला समिती येणार म्हटलं की दुसऱ्या कॉलेजातून पुस्तकं उसनी आणून कपाटं भरायची, समिती गेली की टेम्पो पुस्तकं परत घेऊन जातो. वर मंडळं, परिषदा, उपसमित्या. त्यात तीच ती आडनावं, तेच ते संस्थाचालकांचे जावई आणि भाचे. आणि सगळ्यात खाली ऑफिसची खिडकी.

त्या खिडकीशी माझी ओळख जुनी. बी.ए.ला प्रवेश घ्यायला गेले तेव्हा आतला क्लार्क ओरडला होता, "स्कॉलरशिपवाले एका बाजूला व्हा, पैसेवाल्यांना पुढं येऊ द्या." आम्ही बाजूला झालो. ऊन होतं. पैसेवाले सावलीत होते. एम.ए.ला खिडकी बदलली, ओरडणारा बदलला, वाक्य तेच. पुढं त्याच कॉलेजात मी शिकवायला लागले आणि पगाराच्या चौकशीला गेले तर आतून आवाज आला, "तासवाले नंतर." तेव्हा मला हसू आलं. माणूस शिकून किती पुढं गेला तरी खिडकीच्या बाजूलाच.

हे सगळं मी प्रबंधात लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलनं खुणा करून अर्धं काढायला लावलं. उरलं ते सभ्य होतं. "आता कसं ॲकॅडमिक झालं," ते म्हणाले.

तर तो दिवस. बाहेरचे सर अक्कलकोटला दर्शनाला गेले, त्यांना उशीर झाला, म्हणून व्हायवा दुपारवर ढकलली. "आधी पोटोबा, मग विठोबा," सर हात चोळत म्हणाले. हॉटेलचं जेवण आलं. मी ताटं मांडली, मी वाढलं. कडक भाकरीची चवड उघडली आणि माझा हात थांबला.

भाकरी मी ओळखली. तुम्हाला वाटेल, भाकरी काय ओळखायची? आमच्या शेजारच्या कौशल्यामावशी भाकरीला कडेनं बोटांनी एक मुरड देतात. दुसरं कुणी तशी देत नाही. मावशी आणि त्यांच्या दोन सुना रोज पोत्यानं ज्वारीचं पीठ थापतात, भाकऱ्या कडक वाळवतात आणि त्या सायकलवर लादून शहरातल्या हॉटेलांत जातात. आमच्या गल्लीत सकाळी चालायला गेलं की चारी बाजूंनी भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो. मावशीच्या आणि आमच्या घराला एकच भिंत. आईच्या फडक्यातल्या भाकरीचं पीठसुद्धा मावशीकडचंच होतं.

बाहेरचे सर भाकरी मोडत होते. चटणी घातली, वर दही, एक घास, दुसरा घास. "वा! ही खरी घरगुती चव," म्हणाले. "काय कुरकुरीत! हे पुण्यात नाही मिळत."

आमचे सर म्हणाले, "ये, अजून वाढ सरांना."

मी वाढलं. मी मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन ताटं उचलली. ताटं उचलणं पण पद्धतीतच येतं.

आई दुपारी रिक्षानं आली. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून. व्हायवा खुली असते, कुणीही येऊन बसावं असा नियम आहे, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. दारातच तिनं विचारलं, "जेवली व्हय मंडळी? पोळ्या पुरल्या का गं?"

"पुरल्या."

"डबं कुटं हायती? दे, घासून ठिवते."

"राहू दे गं आता. आत बस."

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी ऑफिसातली एक बाई बसली होती. आई तिला सांगत होती आणि मला पुढं ऐकू येत होतं, "लई पोळ्या केल्त्या. समद्यांनी खाल्ल्या म्हनं."

मी मांडणी सुरू केली. पडद्यावर नकाशा, नकाशावर कॉलेजं. बोलले चांगलं. तेवढं मला येतं. बाहेरचे सर प्रबंध चाळत होते. पोट भरलेलं होतं, डोळे जड. दोन प्रश्न विचारले, दोन्ही प्रस्तावनेत उत्तर असलेले. मी उत्तरं दिली. सरांनी घड्याळाकडं बघितलं, अहवालाचा कागद बाहेरच्या सरांपुढं सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. बाहेरच्या सरांनी जाता जाता विचारावं तसं विचारलं, "बरं बेटा, तुझ्या संशोधनाची एखादी मर्यादा सांग, म्हणजे झालं."

हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. उत्तरही ठरलेलं. वेळ कमी होता, साधनं अपुरी होती, पुढील संशोधनाला वाव आहे. सरांनी मला ते घोकून घेतलं होतं. पेन कागदावर टेकलेलं मला दिसत होतं.

मी मागं आईकडं बघितलं. ती नुसती बघत होती. असं तोंड करून, की तिची लेक आता खरोखर कुणीतरी झाली. तिच्या पोळ्या खाऊन ही मोठी माणसं तृप्त बसली आहेत असं समजून. मला ते सहन झालं नाही. बाकी सगळं सहन झालं होतं.

"मर्यादा एकच," मी म्हणाले. "या आढाव्यात कुणाचं नाव नाही. म्हणून एक प्रसंग आत्ता सांगते, आजचाच. आज माझ्या आईनं तुमच्यासाठी घरी जेवण केलं होतं. फोनवर तुम्हीच मागितलं होतं. ते डबे मला मुतारीपाशी ठेवायला लावले. कारण तुम्हाला आमच्या घरचं चालणार नाही असं मला सांगितलं गेलं."

बाहेरच्या सरांनी पेन कागदावरून उचललं.

"मी? मी असं काही म्हणालोच नाही!" बाहेरचे सर म्हणाले आणि आमच्या सरांकडं बघायला लागले.

आमचे सर म्हणाले, "सर, मी तुमच्या सोयीसाठी... म्हणजे तुम्हीच गाडीत..."

"मी गाडीत फक्त माझं पोट नाजूक आहे म्हणालो होतो!"

दोघं एकमेकांकडं बोट दाखवत राहिले. विटाळ नेमका कुणाला होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकाचा विटाळ दुसऱ्याच्या नावानं चालतो. प्रत्येक जण म्हणतो, माझं काही नाही हो, पण त्यांना चालणार नाही. सगळी व्यवस्था याच एका वाक्यावर उभी आहे, आणि हे वाक्य माझ्या जाडजूड प्रबंधात कुठंही नव्हतं.

"आणि सर," मी म्हणाले, "तुम्ही खाल्लेली भाकरी आमच्याच गल्लीतली होती. माझ्या घराची भिंत आणि त्या चुलीची भिंत एकच. हॉटेलातनं आली म्हणून तुमच्या घशाखाली उतरली."

बाहेरच्या सरांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले.

हळूच पुसले. त्यांना स्वतःला कळलंही नसेल. पण आख्ख्या खोलीनं ते बघितलं. मी बघितलं. आईनं बघितलं. आता पोटाचं आहे की कशाचं आहे हे कुणी कुणाला सांगायची गरज राहिली नव्हती. इतकी शिसारी मला गटारात पडलेल्या मेल्या जनावराची आली नव्हती, जितकी त्या इस्त्रीच्या रुमालाची आली.

सही झाली नाही. बाहेरच्या सरांनी अहवालात 'दुरुस्त्या आणि पुन्हा मौखिकी' असं लिहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

मी आईला घेऊन झेरॉक्स मशीनपाशी गेले. डबे होते तसेच होते. शिपाई म्हणाला, "कुनाचं ते कळंना मॅडम, म्हनून हात लावला न्हाय." आई डब्यांकडं बघत राहिली. मग तिनं मुतारीच्या दाराकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"हितं कुणी ठिवलं?"

"सरांनी सांगितलं."

"सांगितलं त्यांनी. ठिवलं कुणी?"

मी डबे उचलायला वाकले.

"तू ठिवलंस?" ती म्हणाली. "माझं अन्न? तुज्या हातानं?"

वर्गात त्या दोघांना बोलताना माझा आवाज जराही कापला नव्हता. आईपुढं मी मान खाली घातली. बाई, काय सांगू. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. डबे आणि भाकऱ्या उचलल्या, बाहेर आली, आवारातल्या कचराकुंडीत तिन्ही डबे पालथे केले, फडकं झटकलं. शेंगापोळ्या, कालवण, भाकऱ्या, सगळं. ज्या बाईनं भाताचं शीत कधी वाया जाऊ दिलं नाही, तिनं. "मुतारीपाशी ठिवलेलं अन्न मी कुणाच्या तोंडात घालू?" एवढंच म्हणाली.

रिक्षात बसल्यावर म्हणाली. "आदी सही घ्यायची हुती गं. मग हाणायचं हुतंस." तिला माझी नोकरी दिसत होती. दिसणारच की. घरात बारमाही कमावणारी तीच, आणि तिचे डोळे सुईत दोरा ओवण्यापुरतेसुद्धा राहिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन आला. "बाहेरचे सर अजून लॉजवर आहेत. मी त्यांना शांत केलंय. तू ये, पाया पड, चादर दे, म्हण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी अहवाल बदलून सही घेऊन देतो. अगं, अडला हरी... माहितीये ना तुला?"

माहीत होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव कोण ते सरांनीच सांगून टाकलं.

"पाया पडणार नाही, सर."

"मग जागा जाईल."

"जाऊ दे."

मी आईसमोर बोलत होते. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. मी फोन ठेवला. जागा गेली. ज्याला मिळाली तो संस्थाचालकाच्या नात्यातला आहे, त्याची व्हायवा सुरळीत झाली होती. चांदीचा गणपती दिला होता म्हणे.

मी तक्रार केली. भेदभाव निवारणासाठी एक कक्ष असतो, दारावर पाटी असते. पाटीखाली सदस्यांची नावं वाचली. दुसरं नाव आमच्या सरांचं. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले, शिपाई घाबरून बाहेर आला. तक्रार दिली तरीही. 'विचाराधीन आहे' असं उत्तर येतं. माझी पुन्हा मौखिकी सरांनी तारीख दिल्याशिवाय होत नाही, आणि सर तारीख देत नाहीत. नाक दाबून ठेवलंय, तोंड उघडायची वाट बघताहेत.

तासावर शिकवायला मात्र जाते. जिन्यात भेटले की लोक मोबाइलमध्ये बघतात. एक जण म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण पद्धत चुकली." जेवणाला पद्धत, अपमानाला पद्धत, आणि आम्ही तोंड उघडलं की पद्धत चुकली!

मध्ये सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा त्याच सरांची विद्यार्थिनी, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, घरी कानडी बोलणारी. तिची व्हायवा ठरली होती. व्हायवा खुली असते, मी येणार हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि तिला त्याचा घोर लागला होता.

"अक्का, तू येऊ नको गं," ती म्हणाली. "तू बोललीस की माझं अडकंल. नवऱ्यानं मला शेवटचं वर्ष दिलंय. न्हाय झालं तर घरी बस म्हणालाय."

मला तिचा राग आला. मग सरांचा आला. दगडाखाली हात माझा एकटीचा होता, आता तिचाही घालून ठेवला होता. मी तिला म्हटलं, "तुझं अडकू देणार नाही. पण येणार."

गेले. पहिल्या बाकावर बसले. सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुवर्णानं माझ्याकडं बघायचं टाळलं. तिनं मांडणी केली, उत्तरं दिली, मर्यादा सांगितली. वेळ कमी, साधनं अपुरी. नव्या परीक्षकबाईंनी सही केली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून. तिनं काम चांगलं केलं होतं.

सर म्हणाले, "चला, आता जेवायला."

तेव्हा मी उभी राहिले. "एक प्रश्न आहे."

"व्हायवा संपली," सर म्हणाले.

"प्रश्न उमेदवाराला नाही. तुम्हाला आहे. परीक्षकाचं जेवण उमेदवारानं द्यायचं, हे कुठल्या नियमात लिहिलंय? आणि लिहिलेलं नसेल, तर आज इथं जेवणाऱ्यांनी आपापले पैसे काढावेत."

परीक्षकबाई सरांकडं बघायला लागल्या. विभागातली माणसं चपला शोधायला लागली. काही जण जेवायला गेले, काही जण फोन आल्यासारखं करून जिन्यानं खाली उतरले. परीक्षकबाई मात्र पर्स उघडून उभ्या राहिल्या, मग सरांचं तोंड बघून पर्स बंद केली. सुवर्णा रडत होती. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. तिची सही तिच्यापाशी आहे.

सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. हसू नव्हतं आता. "तुझी पदवी माझ्या हयातीत होणार नाही. लिहून ठेव."

पदवी मला पाहिजे. खोटं कशाला बोलू? माझी आहे ती, मी पायपीट करून, एसटीच्या फळकुटावर बसून लिहिलेली आहे. ती मी कोर्टातून मागेन, विद्यापीठाच्या दारात बसून मागेन. पण कुणाचं ताट उचलून मागणार नाही. माझ्या घरचं काही कुणाच्या सांगण्यावरून बाहेर नेऊन ठेवणार नाही. तुम्ही पाया पडायला म्हणून पुढं करता तो पाय मला तुमच्या तोंडाइतकाच घाणेरडा वाटतो, हेही मी तिथंच सरांना सांगितलं. तेवढं बोलल्यावर मला हलकं वाटलं नाही. उलट अजून चीड आली, की हे मला इतकी वर्षं बोलता आलं नाही.

सर दोन पावलं मागं सरकले. "तू काय आता प्रत्येक व्हायवाला येऊन बसणार आहेस काय?"

"व्हय," मी म्हणाले, आणि पुढची व्हायवा कधी आहे ते विचारायला ऑफिसच्या खिडकीवर गेले. रांग होती. मी बाजूला झाले नाही.